मेथीला झेड सुरक्षा

गच्चीवर विटा रचून, तळाला नारळाच्या शेंड्या, वर पालापाचोळा आणि त्यावर शेणखत-माती घालून जो गादीवाफा तयार होतो, त्यात मेथी पेरली की ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं वर काढते. शेजारच्या इमारतीच्या टाकीवर बसलेल्या कबुतरांना ही तारीख मालकाच्या आधी कळलेली असते. संध्याकाळी मालक झारी घेऊन वर येतो तेव्हा वाफ्यात हिरवं असं काही उरलेलं नसतं. चार-दोन उपटलेले मोड, मातीत तीन बोटं पुढे आणि एक मागे अशी पावलांची नक्षी आणि पोचपावती म्हणून सोडलेलं एक पीस, एवढा ऐवज असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस हार्डवेअरच्या दुकानात जाऊन जाळी मागतो. दुकानदार विचारतो, "कशासाठी?" आणि हा सांगतो, "कबुतरांसाठी." गच्च्यांवरच्या बहुतेक फसलेल्या झाकणांचा पाया या एका उत्तरात घातला जातो.

कारण झाकण कबुतरांसाठी नसतंच. कबूतर ते दोनदा बघेल, नाराज होईल आणि पलीकडच्या गच्चीवर जाईल. त्या झाकणाशी रोजचा संसार करायचा आहे तो घरातल्या माणसांना: पाणी घालताना, तण काढताना, रोपं विरळ करताना, आमटीवर घालायला चार काड्या कोथिंबीर तोडताना. तेव्हा झाकण काय काय अडवतं हा प्रश्न दुय्यम. ते किती सहज उघडतं हा मुख्य. वाफ्यावरचं झाकण आधी दार असायला हवं आणि मग जाळी. इतकी साधी गोष्ट एवढी ठासून सांगायचं कारण असं, की हुशार आणि हौशी माणसंच ती सगळ्यात आधी विसरतात. आळशी माणूस झाकण करतच नाही, त्यामुळे त्याचं ते चुकतही नाही.

आत काय यायला हवं आणि बाहेर काय राहायला हवं, याची यादी एकदा कागदावर करून पाहा. बाहेर ठेवायची मंडळी मोजकी आहेत. कबूतर, कोवळी पानं कुरतडून वर कोरड्या मातीत धुळीची आंघोळ करणारी चिमणी, टोमॅटोला टोच मारून पुढच्या टोमॅटोकडे जाणारा बुलबुल, खार, आणि ही भुसभुशीत माती आपल्याच सोयीसाठी पसरलेली आहे अशी प्रामाणिक समजूत असलेलं मांजर. आत येऊ द्यायची मंडळी मात्र संपता संपत नाहीत. ऊन, वारा, पाऊस, मधमाशी, भुंगा, मावा खाणारी लेडीबर्ड, पाण्याची नळी, खुरपं, खताची पाटी, आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे भाजी तोडणारा हात. जिथून एवढ्यांची ये-जा व्हायची आहे तिथे तटबंदी बांधणं हा स्थापत्याचा दोष आहे, भले बांधणारा निवृत्त कार्यकारी अभियंता का असेना.

तरीही गच्च्यांवर दिसणारी झाकणं बघितली तर ती सगळी किल्लेदारांनी बांधलेली वाटतात. पहिला प्रकार मच्छरदाणीचा. घरातली जुनी मच्छरदाणी वाफ्यावर पसरायची आणि कडेने विटा ठेवायच्या. वीट साधारण तीन किलोची. कोथिंबिरीच्या चार काड्यांसाठी निदान तीन विटा उचलायच्या, जाळी वर करायची, ती डोक्यावरून घेऊन वाकायचं, तोडायचं आणि विटा पुन्हा जागच्या जागी ठेवायच्या. यातली शेवटची पायरी फक्त पहिल्या आठवड्यात पाळली जाते. दुसरा प्रकार हिरव्या शेडनेटचा. चार कोपऱ्यांना चार बांबू, वरून नेट आणि ते नायलॉनच्या दोरीने जागोजाग करकचून बांधलेलं. नायलॉनची गाठ उन्हात तापून एकदा बसली की नखाने सुटत नाही आणि दाताने सोडवायचं वय बहुतेक बागकाम करणाऱ्यांचं उरलेलं नसतं. तिसरा प्रकार फॅब्रिकेटरकडून करून घेतलेल्या पिंजऱ्याचा. लोखंडी अँगल, वेल्डमेश, आधी रेडऑक्साइडचा हात, वर ऑइलपेंट. उचलायला दोन माणसं लागतात, आणि कडी-कोयंडा आहेच तर असू दे म्हणून कुलूपही. मेथीला कुलूप लावणाऱ्या गृहस्थांच्या खिशात किल्ली असते आणि गृहस्थ ऑफिसात असतात.

या तिन्ही झाकणांची खरी परीक्षा गच्चीवर होत नाही, स्वयंपाकघरात होते. पोह्यांना वाफ आली आहे, पाहुणे बाहेर बसले आहेत, खोबरं किसून झालंय आणि कोथिंबीर राहिली. मग घरातलं कोणीतरी जिना चढून वर जातं. झाकण बांधणारा आणि भाजी तोडणारा ही बहुतेक घरांत दोन वेगळी माणसं असतात, आणि बांधणाऱ्याने रविवारची अख्खी सकाळ खर्चून जे निर्माण केलं, त्याच्याशी तोडणाऱ्याची गाठ पडते ती खाली गॅस चालू असताना. या माणसाकडे मिनिटभर वेळ असतो आणि एकच हात, कारण दुसऱ्या हातात रोळी. मिनिटभरात आणि एका हाताने जे उघडत नाही ते वाईट झाकण, मग त्याने आजवर कितीही कबुतरं परतवलेली असोत. असा प्रसंग दोनदा आला की तिसऱ्यांदा कोथिंबीर खालच्या भाजीवाल्याकडून येते आणि वाफ्यातली कोथिंबीर कडेकोट बंदोबस्तात फुलावर येते, धने धरते आणि वाळून जाते. सुरक्षा शंभर टक्के, उत्पन्न शून्य.

दार नसलेल्या जाळीचं काय होतं याचा पुरावा मुंबई-ठाण्यात मजल्यामजल्यावर लटकतो आहे. कबुतरांपायी बाल्कन्यांना नायलॉनची जाळी ठोकून देणं हा तिथे चांगला चाललेला धंदा आहे. जाळी चौफेर हुकांनी पक्की केलेली असते, उघडायची सोय नसते. मग कपडे वाळत घालताना सुटलेला चिमटा, पोरांचा चेंडू, वरच्या मजल्यावरून पडलेला एक पायमोजा जाळीपलीकडच्या कडेवर जाऊन बसतो आणि घराला पुढचा भाडेकरू येईपर्यंत तिथेच राहतो. एखादं कबूतर फटीतून आत शिरतं आणि एसीच्या बाहेरच्या यंत्रामागे अंडी घातल्यावरच दिसतं. आता ते आत, आणि त्याला घालवायला दार नाही. दादरच्या कबुतरखान्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये महापालिकेने ताडपत्री घातली, तेव्हा काही दिवसांतच जमावाने ती फाडून काढली. तिथे कबुतरांना दाणे घालू द्यावेत की नाही, या वादात कोण बरोबर, यात शिरायचं इथे कारण नाही. उघडायचा मार्ग न ठेवलेलं झाकण लोक फाडतात, एवढं निरीक्षण वाफ्यापुरतं पुरे आहे.

उघडायला त्रासदायक झाकण शेवटी दोनपैकी एका अवस्थेत स्थिरावतं. एक तर ते कायम उघडं राहतं, आणि मग कबुतरांना बसायला आयती दांडी मिळते. किंवा ते कायम बंद राहतं, आणि हे जास्त घातक. माव्याची मादी बहुतेक वेळा नराची वाट बघत नाही. ती थेट जिवंत पिल्लं देते, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच घडत असते. आठवडा-दहा दिवसांत पिल्लूच आई. रोपवाटिकेतून आणलेल्या वांग्याच्या पानामागे असा एकच मावा बसून आला की त्याच्याइतका सुरक्षित जीव त्या इमारतीत दुसरा नसतो. त्याला खाणारी लेडीबर्ड बाहेर जाळीवर फेऱ्या मारते आणि आत त्याची प्रजा वाढते. रोज झाकण उघडणारा माणूस चौथ्या दिवशी पान उलटून बघतो, बोटाने पुसून टाकतो, विषय संपतो. झाकण उघडायला कंटाळलेल्या माणसाला ही बातमी पानं आकसून चिकट झाल्यावर, जाळीच्या बाहेरून कळते.

मग जाणकार सांगतात, इन्सेक्ट नेट घ्या, त्याची भोकं बारीक असतात. असतात ना. पांढरी माशी अडवायची तर भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवं, आणि फुलकिडे अडवायचे तर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. इतक्या बारीक जाळीतून वारा जेमतेम फिरतो, आत दमट उकाडा साचतो आणि किड्यांना केलेल्या मज्जावाचा फायदा बुरशीला होतो. शंखी गोगलगायीला तर भोकाचं माप विचारायची गरजच पडत नाही, कारण ती बरेचदा नर्सरीतल्या कुंडीच्या मातीतून अंड्याच्या रूपाने आधीच आत आलेली असते. १८४७ मध्ये शंखशिंपल्यांचा नाद असलेल्या एका इंग्रजाने ही आफ्रिकी गोगलगाय मॉरिशसहून कलकत्त्याला आणली. २०२२ च्या पावसाळ्यात तिने लातूर-बीडकडच्या सोयाबीनचे कोंब खाऊन शेतकऱ्यांना दुबार पेरणीला लावलं. एवढा प्रवास केलेल्या प्राण्याला गच्चीवरच्या जाळीचं काय अप्रूप! तिच्यावर उपाय एकच, रात्री टॉर्च घेऊन वर जाणं आणि हाताने वेचणं. त्यालाही झाकण उघडावंच लागतं.

फळभाज्यांची गोष्ट आणखी अवघड आहे. दुधी, काकडी, दोडका, कारलं, भोपळा यांच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलामागे बोटाच्या पेराएवढा दुधी आधीच दिसतो, नर फुलामागे नुसता देठ. पराग इकडून तिकडे नेणारं कोणी आलं नाही तर तो इवला दुधी पिवळा पडतो आणि गळतो. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रीच्या पतंगांच्या भरवशावर. भोपळ्याचं पहाटे, मधमाश्यांच्या. वेल जाळीत कोंडलेला असेल तर ही मध्यस्थी मालकाच्या गळ्यात पडते. सातच्या बातम्या सोडून वर जायचं, मोबाइलच्या उजेडात नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि ते मादी फुलाच्या मध्यावर अलगद टेकवायचं. वधूवर सूचक मंडळ चालवणाऱ्यांना निदान दोन्हीकडून फी तरी मिळते. टोमॅटो-वांग्याची फुलं स्वतःपुरती संपूर्ण असतात, पण त्यांचा पराग परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर पडतो. भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो तेव्हा त्या कंपनाने तो भुरभुरतो. मधमाशीला हे जमत नाही. भुंग्याला बंदी असेल तर माणसाने फुलांना टिचक्या मारत फिरायचं, आणि काही उत्साही मंडळी यासाठी इलेक्ट्रिक टूथब्रश वापरतात. वांग्याला दात घासून देणाऱ्या या लोकांचा उत्साह वंदनीय आहे, पण झाकण तासभर उघडं ठेवलं असतं तर भुंगा हेच काम फुकट करून गेला असता.

जाळीच्या भोकाचा खरा पेच इथे उभा राहतो. भोक मोठं ठेवलं तर भुंगा आत येतो, पण त्याच भोकात पक्ष्याची मान किंवा पाय अडकतो. सैल, पातळ नायलॉनच्या जाळीत धामण गुरफटली म्हणून सर्पमित्राला बोलवावं लागणं, हे आपल्याकडे नवीन नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने तर १ सप्टेंबर २०२१ पासून नियमच केला, की घरगुती फळझाडांवरच्या जाळीचं भोक, जाळी पूर्ण ताणलेली असताना, ५ मिलिमीटरपेक्षा मोठं चालणार नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे भोकातून करंगळी जाता कामा नये. नियम शहाणपणाचा आहे, पण ५ मिलिमीटरमधून आपला काळा गलेलठ्ठ भुंगा जात नाही. म्हणजे पक्ष्याचा जीव वाचवणारी जाळी फळ धरू देत नाही आणि फळ धरू देणारी पक्ष्याच्या जिवावर उठते. दुकानात दहा प्रकारच्या जाळ्या हाताळून हा पेच सुटणार नाही. बारीक भोकाची जाळी घट्ट ताणून बसवायची आणि फुलं उमललेली असताना झाकण सरळ उघडून ठेवायचं, की तो सुटतो. पहिल्या फुलांच्या दिवसांत चोरून नेण्यासारखं फळ तसंही नसतं.

शेडनेटबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण त्याच्या हिरव्या रंगावर लोकांचा भाबडा विश्वास आहे. शेडनेट पक्ष्यांना अडवतं हे खरं, पण त्याचा मूळ धंदा ऊन अडवण्याचा. पन्नास टक्क्यांचं, पंचाहत्तर टक्क्यांचं असे जे आकडे दुकानदार सांगतो, ते सावलीचे असतात. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर मूळचे गणिताचे शिक्षक. प्रयोग परिवाराच्या कामातून ते आयुष्यभर सांगत राहिले, की शेती म्हणजे पानांनी केलेली उन्हाची कमाई, आणि ती नीट मोजली तर दहा गुंठ्यांत कुटुंबाची गुजराण होते. त्यांच्या हिशेबाने पाहिलं तर बारा महिने शेडनेटखाली ठेवलेला वाफा म्हणजे निम्म्या पगारावर ठेवलेला नोकर. पुण्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा पालक-कोथिंबिरीला सावली हवीच. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो, त्यात गच्चीचा कठडा निम्मं ऊन खातो, आणि उरलेलं शेडनेट. मग टोमॅटोचं झाड दीड हात वाढतं, पानं काळपट हिरवी होतात, फूल काही येत नाही, आणि मालक खताचं पोतं बदलतो. मेमध्ये बांधलेल्या गाठी डिसेंबरात कोण सोडत बसणार? शेवटी प्रश्न पुन्हा गाठींपाशीच येतो.

यावर पहिला आक्षेप आपल्या परंपरेतूनच येतो. पाखरांनी चार दाणे खाल्ले तर काय बिघडलं, तुकोबांनी नाही का शेत राखायला बसून पाखरांना मनसोक्त खाऊ दिलं? ती कथा सगळ्यांना ठाऊक आहे; पण तिच्यात शेताचा मालक पंचांकडे गेला होता आणि तूट पांडुरंगाने भरून काढली होती, हेही लक्षात ठेवावं. सोसायटीची मॅनेजिंग कमिटी एवढी जबाबदारी घेत नाही. शिवाय प्रश्न आकारमानाचा आहे. पाच एकर ज्वारीत पाखरांचा वाटा हा वाटाच असतो. सहा फूट बाय अडीच फुटाच्या वाफ्यात दहा कबुतरं उतरली तर त्यांचा वाटा म्हणजे सगळंच. जिथे उरायला काही शिल्लक आहे तिथे दान होतं.

दुसरा आक्षेप बुजगावण्यांच्या पक्षाचा. ज्वारीच्या शेतात मडक्याचं डोकं आणि फाटका सदरा चालायचा, इथे जुन्या सीडी टांगा, चमकत्या पट्ट्या लावा, प्लॅस्टिकचं घुबड बसवा. शेतातली राखण मात्र मडक्याच्या डोक्यावर चालत नव्हती. ती मचाणावर बसून गोफण फिरवणाऱ्या आणि घसा फोडून हाका देणाऱ्या पोरापोरींवर चालत होती. बुजगावणं त्यांच्या जेवणाच्या सुट्टीपुरतं. पक्षी न हलणाऱ्या धोक्याला काही दिवसांत सरावतात, आणि मग प्लॅस्टिकच्या घुबडाच्या डोक्यावर बसून कबूतर पिसं साफ करतं. गच्चीवर गोफण चालवायला मात्र बंदी असावी, काचांचे भाव फार वाढले आहेत.

तिसरा आक्षेप हिशेबनीस मंडळींचा. मंडईत दहा-वीस रुपयांना मेथीची जुडी मिळते, तिच्यासाठी एवढं लाकूड, जाळी, बिजागऱ्या? हा हिशेब बिनतोड आहे, फक्त तो झाकणापाशी सुरू होऊन झाकणापाशी थांबत नाही. त्याच हिशेबाने विटा, माती, खत, गच्चीवर चढवायची मजुरी आणि गुडघ्यांवरचा उपचार मोजला तर वाफाच रद्द होतो. ज्याने वाफा केला आहे त्याने हा हिशेब केव्हाच ओलांडलेला असतो, आता त्याला झाकणापुरता अडवण्यात अर्थ नाही. हं, एक काटकसर जरूर सुचवावीशी वाटते. झाकण सगळ्या पिकाला सगळे दिवस लागत नाही. मेथीला ते मोड येण्यापासून पहिले दहा-बारा दिवस लागतं. पुढे पानं रुंदावली की कबुतरांचा रस उडतो आणि महिन्याच्या आत भाजी काढायलाच येते. टोमॅटोला तर झाकण लागतच नाही, लागतो तो संयमाचा अभाव. हिरव्या टोमॅटोच्या बुडाशी गुलाबी छटा दिसली की तो तोडून घरात ठेवला तरी छान पिकतो. चवीतही मोठा फरक पडत नाही, आणि बुलबुल लाल रंग दिसेपर्यंत थांबलेला असतो. पण झाडावर लालबुंद झालेल्या टोमॅटोचा फोटो काढायचा असतो ना! फोटोसाठी जो पिंजरा बांधला जातो त्याचा खर्च भाजीच्या खात्यावर टाकू नये. झाकण हलकं आणि सुटं असेल तर ते या महिन्यात मेथीवर, पुढच्या महिन्यात पालकावर फिरतं, आणि एकाच झाकणात चार वाफे भागतात.

राहता राहिला कोकणातला वानर. त्याच्यापुढे हा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो, हे कबूल करायला हवं. दहा-पंधरा किलोचा प्राणी झाकणावर बसला तर झाकण वाफ्यात जातं, आणि सहज उघडणारं दार तर त्याला हातच्या मळासारखं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्यांनी यावर मोर्चे काढले, निवेदनं दिली. तिथे बिजागरीबद्दल व्याख्यान देणं हा उद्धटपणा होईल. वानराच्या प्रदेशात परसातला वाफा हळद-आल्याला द्यावा, त्यांच्या वाट्याला तो सहसा जात नाही, आणि काकडी वाण्याकडून आणावी.

बाकीच्यांसाठी मात्र गोष्ट अगदी आटोक्यातली आहे. वाफा कठड्याला लागून असेल तर त्याची रुंदी अडीच फुटांवर नेऊ नये, कारण हात तिथपर्यंतच पोचतो; दोन्ही बाजूंनी मोकळा असेल तर चार फूट चालतो. मागच्या कडेला लाकडाची फळी पक्की करायची आणि तिला बिजागऱ्यांवर हलकी चौकट बसवायची. सहा फुटांची एकच चौकट करण्यापेक्षा दोन-दोन फुटांच्या तीन केल्या तर उत्तम. भंगारवाल्याकडे खिडक्यांच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या चौकटी मिळतात, त्यातली फाटकी मच्छरजाळी काढून पक्ष्यांची जाळी ताणली की निम्मं काम झालं. चौकट मातीपासून निदान फूटभर उंच हवी. पानं जाळीला टेकली की बुलबुल वर बसून भोकातून जेवतो आणि कोबीवरचं फुलपाखरू बाहेर राहूनच आत अंडी घालतं. उघडी चौकट अडकवायला कठड्यावर एक हुक, आणि बंद चौकटीला एक कडी, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि वळवाच्या पावसाआधीचा वारा झाकण उचलून समोरच्या विंगमध्ये नेऊन ठेवतो. पिन काढता येणारी बिजागरी घेतली तर मेच्या अखेरीस चौकटी सरळ उतरवून भिंतीशी ठेवता येतात.

हे सगळं झालं की लगेच दूर उभं राहून कबुतरांची फजिती बघत बसू नका. घरात कोथिंबीर तोडायला जे कोणी वर जातं त्यांना बोलवा, एका हातात रोळी द्या आणि झाकण उघडायला सांगा. मिनिटभरात उघडलं नाही तर जाळी तीच ठेवा, बिजागरी बदला.